ठेव म्हणजे काय, हे कोण ठरवते?

बीड, जालना, लातूर आणि परभणी जिल्ह्यांतून या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे अडकलेल्या पैशांची आहेत. कोणी पतसंस्थेत मुदत ठेव ठेवली, कोणी जमिनीच्या योजनेत हप्ते भरले, कोणी मोंढ्यातल्या व्यापाऱ्याच्या गोदामात सोयाबीन टाकले. पत्रे वेगवेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आपण दिलेल्या पैशाला कायदा काय म्हणतो, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? अधिनियमात याचे उत्तर दोन-चार ओळींत दिलेले असते. त्या ओळींना प्रत्यक्ष अर्थ न्यायालयांनी आणि नियामकांनी दिला आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय ठेवीदाराला कोणत्या दारात जायचे हे कळत नाही. म्हणून या वेळी नेहमीपेक्षा कमी पत्रे घेऊन त्यांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. निवृत्तीच्या रकमेतील सात लाख रुपये एका बहुराज्य सहकारी पतसंस्थेत तेरा महिन्यांच्या मुदतीने ठेवले होते. मुदत संपून दीड वर्ष झाले आणि शाखेला कुलूप आहे. शेजारचे एक गृहस्थ सांगतात की संस्थेची नोंदणी दिल्लीची असल्यामुळे महाराष्ट्राचा कायदा तिला लागूच होत नाही, त्यामुळे पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. हे खरे आहे का? (अंबाजोगाई)

उत्तर: बाई, हे खरे नाही, आणि या समजुतीपायी आपले दीड वर्ष गेले असेल तर त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या राज्यात महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ हा कायदा आहे. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे त्याला 'एमपीआयडी' म्हणतात. या कायद्याने 'वित्तीय संस्था' या शब्दाची व्याख्या फार रुंद केली आहे. कोणत्याही योजनेखाली किंवा अन्य कोणत्याही रीतीने ठेव स्वीकारणारी कोणतीही व्यक्ती तिच्यात येते. वगळल्या आहेत त्या सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या सहकारी संस्था व महामंडळे, आणि बँकिंग नियमन कायद्यात सांगितलेल्या बँकिंग कंपन्या. आपली पतसंस्था सरकारी मालकीची नाही आणि ती बँकही नाही. तिची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे असल्यामुळे तिचा कारभार, निवडणुका आणि अवसायन (म्हणजे संस्था गुंडाळणे) हे विषय केंद्राच्या कायद्याखाली जातात, परंतु लोकांची ठेव घेऊन ती परत न करणे हा वेगळा विषय आहे आणि त्यावर राज्याचा कायदा चालतो. मराठवाड्यातच अशा संस्थांच्या संचालकांविरुद्ध एमपीआयडीखाली गुन्हे दाखल झालेले आहेत.

आपण जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्यावी आणि सोबत ठेवपावतीची साक्षांकित प्रत, पासबुक व मुदत संपल्यावर केलेल्या मागणीचा पुरावा जोडावा. गुन्हा आधीच दाखल असेल तर ठेवीदारांच्या यादीत आपले नाव आणि रक्कम नोंदली गेली आहे, याची खातरजमा करावी. पुढे शासन अधिसूचना काढून संस्थेची, संचालकांची आणि गरज पडल्यास त्यांनी ज्यांच्या नावावर मालमत्ता फिरवली त्यांची मालमत्ता जप्त करू शकते. ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, जो उपजिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसतो. जप्ती कायम करणे, मालमत्ता विकणे आणि पैसे वाटणे हे या कायद्यासाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाच्या आदेशाने होते.

एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसेल. कलम ३ नुसार लबाडीने केलेल्या कसुरीला सहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ही 'लबाडी' सिद्ध करण्यासाठी संचालकाच्या मनातला हेतूच उघड करावा लागतो असे नाही. ठेव घेताना दिलेले आश्वासनच व्यापारी हिशेबाने न पेलणारे होते आणि त्यामुळे पैसे परत करता आले नाहीत, तर ती कसूर लबाडीची मानली जाईल, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. बँका देत नाहीत असे व्याज कबूल करणाऱ्या संस्थांना 'आमची नियत साफ होती' हा बचाव त्यामुळे सहजासहजी मिळत नाही.

याशिवाय २०२३ च्या दुरुस्तीने बहुराज्य सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे आणि ठेवींविषयीच्या तक्रारी त्याच्याकडे करता येतात. ही वाट फौजदारी तक्रारीच्या जोडीने वापरावी, तिच्या बदल्यात नव्हे. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवींना नसते. त्यामुळे त्या वाटेने काही मिळेल अशी आशा धरू नये.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगर येथे विधी शाखेच्या चौथ्या वर्षात शिकतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचा रोखे कायदा (शेअरसारख्या गुंतवणुकीच्या कागदांचा कायदा) आहे असे वाचले. आपल्याकडे शेअर बाजार हा केंद्राचा विषय आहे. मग एमपीआयडीसारखा राज्याचा कायदा घटनेच्या चौकटीत कसा टिकला? वर्गात याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: आपला प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे.

अमेरिकेतली गोष्ट आधी सांगतो, कारण आपल्याकडे २००५ ते २०१२ या काळात जे घडले ती पुष्कळशी तिचीच पुनरावृत्ती होती. फक्त ती शंभर वर्षे आधीची आहे. १९११ साली कॅन्सस या शेतीप्रधान राज्याने, तिथले बँकिंग आयुक्त जोसेफ डॉली यांच्या आग्रहावरून, एक कायदा केला. खाणी, तेलविहिरी आणि दूरदेशीच्या जमिनी यांचे कागद घेऊन फिरते विक्रेते शेतकऱ्यांची पुंजी नेत होते. नव्या कायद्याने ठरवले की राज्यात असे कागद विकण्यापूर्वी आयुक्तांची परवानगी घ्यावी लागेल. पाठोपाठ इतर राज्यांनीही तसे कायदे केले. या कायद्यांना 'ब्लू स्काय' म्हणजे निळ्या आभाळाचे कायदे म्हणतात, कारण विकणाऱ्याच्या कागदामागे आभाळाच्या तुकड्याखेरीज काहीच नसे.

हे कायदे सुरुवातीला न्यायालयात टिकले नाहीत. मिशिगन आणि आयोवासारख्या राज्यांचे कायदे कनिष्ठ फेडरल न्यायालयांनी रद्द ठरवले. राज्याराज्यांमधला व्यापार हा केंद्राचा विषय आहे आणि प्रामाणिक विक्रेत्यावरही हे कायदे अवाजवी बंधन घालतात, अशी त्यांच्यावरची हरकत होती. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो, साउथ डकोटा आणि मिशिगन या तीन राज्यांचे कायदे एकाच वेळी वैध ठरवले. आपल्या नागरिकांना फसवणुकीपासून वाचवणे हा राज्याचा मूळ अधिकार आहे आणि व्यापारावर होणारा परिणाम आनुषंगिक आहे, हा त्या निकालांचा गाभा होता.

आता आपल्याकडे या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ साली एमपीआयडी कायदा घटनाबाह्य ठरवला. बँकिंग आणि व्यापारी कंपन्यांचे नियमन हे विषय केंद्र सूचीत, म्हणजे घटनेने केंद्राकडे दिलेल्या विषयांच्या यादीत आहेत आणि ठेवींवर कायदा करून राज्याने केंद्राच्या क्षेत्रात पाऊल टाकले, असे त्या निकालाचे सार होते. तमिळनाडूने १९९७ साली केलेला असाच कायदा मात्र मद्रास उच्च न्यायालयाने वैध ठरवला. एकाच देशात, जवळजवळ एकाच मजकुराच्या दोन कायद्यांविषयी दोन उच्च न्यायालये उलट दिशांना गेली. मार्च २०११ मध्ये के. के. भास्करन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा कायदा उचलून धरला आणि मुंबईच्या पूर्णपीठाचे मत नाकारले. पुढे २०१२ साली सोनल हेमंत जोशी यांच्या प्रकरणात आपला कायदाही स्पष्ट शब्दांत वैध ठरला, आणि त्याच सुमारास पुदुच्चेरीचाही.

त्यासाठी न्यायालयाने जी कसोटी लावली ती आपण परीक्षेपुरती पाठ न करता नीट समजून घ्यावी. कायदा कोणत्या विषयांना स्पर्श करतो यापेक्षा त्याचा गाभा काय आहे, हे पाहायचे असते. एमपीआयडी कायदा बँक कशी चालवावी किंवा कंपनीने भांडवल कसे उभारावे हे सांगत नाही. लोकांनी दिलेला पैसा लबाडीने परत केला नाही तर तो वसूल कसा करायचा, एवढेच तो सांगतो. हा गाभा राज्य सूचीतील सार्वजनिक सुव्यवस्था, सावकारी आणि सहकारी व असंघटित संस्था या नोंदींमध्ये बसतो. वाटेत केंद्राच्या विषयाला धक्का लागला तरी तो आनुषंगिक ठरतो. १९१७ च्या आणि २०११ च्या न्यायाधीशांनी एकमेकांची घटना वापरलेली नाही, तरीही दोघांनी केलेला विचार एकाच घडणीचा आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग व्याख्यांचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. अमेरिकेत राज्यांच्या कायद्यांनी 'गुंतवणूक करार' हा शब्द वापरला, पण त्याची व्याख्या केली नाही. ती राज्यांच्या न्यायालयांनी केली. १९२० साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने टायर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात म्हटले की उत्पन्न किंवा नफा मिळावा या हेतूने भांडवल घालणे म्हणजे गुंतवणूक करार. पुढे १९३३ च्या केंद्रीय कायद्याने तोच शब्द उचलला. १९४६ साली फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांचे पट्टे विकणाऱ्या हॉवी कंपनीच्या प्रकरणात केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने या राज्य न्यायालयांच्या निर्णयांचाच आधार घेऊन प्रसिद्ध कसोटी घडवली: पैसा सामायिक उपक्रमात घातला आहे का, आणि नफा दुसऱ्यांच्या कष्टावर अवलंबून आहे का? विकणारा त्याला जमिनीचे खरेदीखत म्हणो की आणखी काही, त्याने फरक पडत नाही. म्हणजे अर्थ राज्यांकडून केंद्राकडे गेला. आणि केंद्राने कसोटी घालून दिल्यावरही राज्ये तिथेच थांबली नाहीत. १९६१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नफ्याचे आमिष अजिबात नसलेल्या एका क्लबच्या सभासदत्वालाही रोखे ठरवले, कारण क्लब उभारण्याची जोखीम सभासदांच्या पैशावर टाकलेली होती.

नियामकांच्या हातीही तिथे मोठी ताकद होती. योजना खरी आहे की खोटी एवढेच न पाहता ती गुंतवणूकदाराला न्याय्य आहे का, हेही काही राज्यांचे आयुक्त तपासत. डिसेंबर १९८० मध्ये अ‍ॅपल कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या नियामकांनी ते फार जोखमीचे म्हणून आपल्या राज्यात विकू दिले नव्हते. या उदाहरणावरून त्या नियामकांना नावे ठेवण्याची पद्धत आहे. मला ते योग्य वाटत नाही. अ‍ॅपलमुळे न मिळालेला नफा सहज मोजता येतो, पण त्याच नियमामुळे लबाड कंपन्या दाराबाहेर राहिल्याने किती घरे वाचली, हे मोजायला कोणी बसत नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय बाजारांत नोंदलेल्या रोख्यांच्या बाबतीत राज्यांचा हा परवानगीचा अधिकार काढून घेतला. फसवणुकीविरुद्ध कारवाई करण्याचा अधिकार मात्र राज्यांकडेच ठेवला. आपल्याकडची आजची विभागणीही काहीशी अशीच आहे: बाजार आणि रोखे सेबी या केंद्राच्या बाजार नियामकाकडे, फसलेल्या ठेवीदाराची वसुली राज्याकडे.

प्रश्न: मी औसा तालुक्यातील शेतकरी आहे. दोन वर्षांपूर्वी भाव पडलेला असल्यामुळे ५२ क्विंटल सोयाबीन लातूरच्या एका व्यापाऱ्याकडे ठेवले. भाव वाढल्यावर त्या दिवशीच्या भावाने पैसे घ्या, नाहीतर माल परत न्या, असे बोलणे झाले होते. त्याने काट्याची पावती दिली आणि वहीत नोंद केली. माझ्या चुलत्यांनी माल विकून पैसे त्याच्याकडेच शेकडा दीड रुपया महिना व्याजाने ठेवले. व्यापारी आता गायब आहे. पोलीस म्हणतात हा उधारीचा दिवाणी व्यवहार आहे. आम्ही काय करावे? (औसा, जि. लातूर)

उत्तर: आपले आणि आपल्या चुलत्यांचे व्यवहार वेगवेगळे आहेत आणि दोन्ही साध्या उधारीपेक्षा वेगळे आहेत. पोलिसांनी तिन्ही एकाच पारड्यात टाकले, ही चूक झाली.

एमपीआयडी कायद्यातील 'ठेव' या शब्दाची व्याख्या पैशापुरती नाही. वित्तीय संस्थेने घेतलेला पैसा किंवा स्वीकारलेली कोणतीही मौल्यवान वस्तू, जी ठरावीक मुदतीनंतर किंवा अन्य प्रकारे, रोख स्वरूपात, वस्तूच्या रूपात किंवा सेवेच्या रूपात परत करायची आहे, ती ठेव होय. त्यावर व्याज, बोनस किंवा नफा असो वा नसो. 'मौल्यवान वस्तू' हे शब्द व्याख्येत होतेच, परंतु त्यांचे वजन किती हे ठरले २२ एप्रिल २०२२ रोजी, नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात.

ते प्रकरण आपल्यासारख्या शेतमालाशीच संबंधित आहे. या एक्स्चेंजवर शेतमालाचे आणि इतर वस्तूंचे तत्काळ व्यवहार व्हावेत, अशी अपेक्षा होती आणि २००७ साली केंद्राने एक दिवसाच्या सौद्यांना त्यासाठी सूट दिली होती. प्रत्यक्षात तिथे जोडसौदे विकले गेले: आज माल घ्या, दोन दिवसांत पैसे भरा आणि त्याच वेळी तोच माल सुमारे पंचवीस दिवसांनी जास्त भावाने परत विका. गुंतवणूकदाराला माल नको होता, त्याला ठरलेला परतावा हवा होता. जुलै २०१३ मध्ये हे सौदे थांबले, तेव्हा सुमारे तेरा हजार जणांचे मिळून ५,६०० कोटी रुपयांच्या आसपास अडकले होते आणि अनेक गोदामांत कागदावरचा माल नव्हता. राज्य शासनाने एमपीआयडीखाली जप्ती आणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ती रद्द केली: एक्स्चेंज हे केवळ व्यवहाराचे व्यासपीठ आहे, ते ठेवी घेत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. एक्स्चेंजने पैसेही घेतले, मालही स्वीकारला आणि दोन्हींच्या परतफेडीची हमी वाटावी असे चित्र उभे केले. त्यामुळे ती वित्तीय संस्था ठरते आणि तो व्यवहार ठेव ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. व्यवहाराला काय नाव दिले आहे यापेक्षा पैसा आणि माल यांचे प्रत्यक्षात काय झाले, हे पाहायचे, असा त्या निकालाचा रोख आहे.

आता आपल्या वहीकडे येऊ. आपण माल विकलेला नव्हता; भाव ठरलेला नव्हता आणि माल परत नेण्याचा हक्क आपल्याकडे होता. म्हणजे व्यापाऱ्याने मौल्यवान वस्तू स्वीकारली आणि ती वस्तूच्या किंवा पैशाच्या रूपात परत करायची होती. माझ्या मते हे व्याख्येत बसते. चुलत्यांचा माल विकला गेला, सौदा पूर्ण झाला आणि नंतर ती रक्कम व्याजाने त्याच्याकडे ठेवली गेली. हीदेखील ठेव आहे, किंबहुना अधिक सरळ ठेव आहे. मात्र विक्री आणि ठेव या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या, हे दाखवावे लागेल. त्यासाठी विक्रीची पट्टी वेगळी आणि व्याजाची नोंद वेगळी असेल तर फार मदत होईल. ज्याने माल विकला, पण पैसे आठ दिवसांनी देतो म्हणून व्यापाऱ्याने ते दिलेच नाहीत, त्याचा व्यवहार मात्र खरोखर उधारीचा आहे. त्याने आधी बाजार समितीकडे तक्रार करावी. धंद्याच्या ओघात घेतलेला मालाचा आगाऊ पैसा, इसारा किंवा अनामत रक्कम या गोष्टी कायद्याने ठेवीच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि व्यापाऱ्याचा वकील पहिल्या दिवशी याच वाक्याकडे बोट दाखवेल.

म्हणून तक्रारीत 'व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत' एवढेच लिहू नये. कोणत्या तारखेला किती माल ठेवला, भाव ठरला नव्हता, माल परत नेण्याची मुभा होती आणि इतर किती शेतकऱ्यांनी असाच माल ठेवला होता, हे शब्दांत यावे. गावातल्या दहा-बारा जणांच्या पावत्या एकत्र आल्या की हा एका माणसाचा धंद्यातला वाद नसून लोकांकडून ठेवी घेण्याची रीत होती, हे उघड दिसते. पोलिसांनी तरीही नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतर न्यायालयात दाद मागावी. शेवटी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठही आहेच. आपल्या भागात माल ठेवण्याची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या विश्वासावर चालत आली आहे. त्या विश्वासाला कायद्याचे संरक्षण आहे, हे मोंढ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळावे असे मला फार वाटते.

प्रश्न: एका कंपनीने हप्त्यांनी पैसे घेऊन शेतजमिनीचा तुकडा देऊ आणि तिथे झाडे लावून सहा वर्षांनी दामदुप्पट करू, असे सांगितले. माझ्या मेहुण्यांनी ही योजना आणली होती. जमीन कुठे आहे हे आम्हाला कधी दाखवले नाही. ही जमिनीची खरेदी आहे, सेबीचा त्याच्याशी संबंध नाही, असे कंपनी म्हणते. (जालना)

उत्तर: वर हॉवीच्या संत्र्यांच्या बागेची गोष्ट आली, ती याच वाटेवरची आहे. नव्वदच्या दशकात सागवान आणि फळबागांच्या योजनांनी देशभर पैसा गोळा केला. त्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्र शासनाने अशा योजना सामूहिक गुंतवणूक योजना मानून त्या सेबीकडे सोपवण्याचे ठरवले. डॉ. एस. ए. दवे समितीच्या अहवालानंतर १९९९ साली सेबीने नियम केले आणि सेबी कायद्यात कलम ११ अ अ आले. पैसे एकत्र केले जातात का, उत्पन्न किंवा मालमत्ता मिळावी म्हणून ते दिले जातात का, योजनेची मालमत्ता दुसरे कोणी सांभाळते का, आणि गुंतवणूकदाराचे रोजच्या कारभारावर नियंत्रण नसते का, अशा चार कसोट्या ते कलम लावते. जमीन कुठे आहे हेच आपल्याला माहीत नाही, म्हणजे चौथी कसोटी तर आपल्या पत्रातच सिद्ध झालेली आहे. मार्च २०१३ मध्ये पीजीएफ कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

'ही तर जमिनीची खरेदी' हा युक्तिवाद पीएसीएल कंपनीनेही केला होता. राजस्थान उच्च न्यायालयाने तो २००३ साली मान्य केला आणि सेबीची कारवाई अडली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फेब्रुवारी २०१३ मध्ये बाजूला सारला. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा गुंतवणूकदारांची संख्या सुमारे ५.८५ कोटी होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जमिनी विकण्याचे काम तिच्याकडे दिले. एका शब्दाचा अर्थ ठरायला जवळजवळ दहा वर्षे लागली आणि त्या काळात कंपनी पैसा गोळा करत राहिली. न्यायालये कायद्याला आकार देतात तो निकालाने, आणि तितकाच विलंबानेही, हे मी फार दुःखाने लिहीत आहे.

आपण सेबीकडे तक्रार करावी. नोंदणी नसलेल्या योजनेने शंभर कोटी किंवा त्याहून अधिक रक्कम गोळा केली असेल, तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार ती सामूहिक गुंतवणूक योजनाच मानली जाते. रक्कम लहान असली तरी राज्याचा एमपीआयडी कायदा आणि केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम, २०१९ हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. दोनदा तक्रार केली म्हणून कोणतेही कार्यालय दार लावत नाही. मेहुण्यांचाही जबाब नोंदवून घ्या. त्यांनी स्वतःही पैसे भरले असतील तर ते आधी साक्षीदार आहेत.

प्रश्न: आमच्या गल्लीत बारा बायकांचा बचत गट आहे. दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये गोळा करून गरजूला देतो. नवा कायदा आल्यापासून हे बेकायदा झाले आहे, असे एकीने सांगितले. (परभणी)

उत्तर: बेकायदा नाही. २०१९ च्या कायद्यात राज्य शासनाने ठरवलेल्या मर्यादेत चालणाऱ्या बचत गटाच्या सभासदांनी दिलेले नियमित हप्ते ठेवीच्या व्याख्येतून वगळले आहेत. वही नीट ठेवा, बँकेत गटाच्या नावाने खाते उघडा आणि गटाबाहेरच्यांकडून व्याजाचे आश्वासन देऊन पैसे घेऊ नका. ताईंनो, गट चालू ठेवा.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या अध्यक्षाचा बंगला आणि कारखान्याची जागा शासनाने जप्त केली आहे. पण एका बँकेने त्यावर आधीपासून कर्जाचा बोजा असल्याचे सांगून लिलावाची नोटीस लावली. ठेवीदारांना काहीच उरणार नाही का? (बीड)

उत्तर: काही वर्षांपूर्वी मी आपल्याला चिंताजनक उत्तर दिले असते. आता स्थिती बदलली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्याच प्रकरणात, एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणदार बँकेचा अग्रहक्क चालणार नाही, असा निर्णय दिला. राज्याचा हा कायदा राज्याच्या स्वतःच्या विषयात केलेला आहे, त्यामुळे कर्जवसुलीच्या केंद्रीय कायद्याशी त्याचा संघर्ष होत नाही, असा त्यामागचा विचार आहे. २०११ साली ज्या तर्काने हा कायदा वाचला, त्याच तर्काने चौदा वर्षांनी ठेवीदाराला बँकेच्या पुढे उभे केले.

केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात मात्र ठेवीदारांना प्राधान्य देताना, तारणदारांच्या वसुलीचा आणि दिवाळखोरीचा कायदा यांचा अपवाद ठेवलेला आहे. म्हणून जप्ती कोणत्या कायद्याखाली झाली आहे, याने आपल्या प्रकरणात मोठा फरक पडतो. शासनाच्या अधिसूचनेची आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मिळवा आणि त्यात एमपीआयडीचे कलम ४ आहे का ते पाहा. असेल तर ठेवीदारांच्या वतीने विशेष न्यायालयात लगेच अर्ज करून बँकेच्या लिलावाला हरकत घ्या आणि सक्षम प्राधिकाऱ्यालाही लेखी कळवा. लिलावाची तारीख आपण पत्रात लिहिलेली नाही. ती जवळ असेल तर अंक हाती येण्याची वाट न पाहता वकिलांना आजच भेटा.